यंत्रास आज्ञा देण्याचा अधिकार

नाशिक जिल्ह्यातील एखाद्या माध्यमिक शाळेत आज आठवीतील विद्यार्थी तळहातावर मावणारा निळा बोर्ड हातभर केबलने संगणकास जोडतो, पाच-सहा ओळींच्या आज्ञा लिहितो आणि बोर्डावरील इवलासा दिवा आपल्या इच्छेप्रमाणे उघडमीट करावयास लावतो. या सर्व कृतीस फारसा अवधी लागत नाही. परंतु ती शाळकरी मुलाच्या आवाक्यात येण्यास जवळजवळ चाळीस वर्षे जावी लागली, आणि त्या चाळीस वर्षांत यंत्रास आज्ञा कोणी द्यावी याविषयीची समाजातील वहिवाटच पालटून गेली. ती कशी पालटली हे पाहावयाचे असेल, तर बोर्ड आणि संगणक यांस जोडणाऱ्या तारेचा माग काढावा. कारण आज्ञा ज्या वाटेने यंत्रापर्यंत पोहोचते त्या वाटेवर कोणाचा पहारा आहे, यावरून त्या यंत्रावर खरा अंमल कोणाचा हे ठरत असते.

नाशिकला यंत्र नवखे नव्हते. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात १९२६ पासून टपालाची तिकिटे छापली जाऊ लागली. १९२८ साली चलनी नोटांचा छापखाना उभा राहिला. १९६४ साली मिग विमानांच्या बांधणीसाठी ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आला. आणि १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर सातपूर व अंबड येथील वसाहतींत विद्युत उपकरणांपासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत नाना प्रकारचे कारखाने वसले. या कारखान्यांनी जिल्ह्यातील हजारो घरांत चूल पेटती ठेवली आणि हाताला वळण असलेली कुशल कामगारांची एक पिढी घडविली. तथापि जुन्या नाशिकच्या तांबट आळीत हंडे-घागरी घडविणारा कारागीर आपल्या हत्यारांचा जसा धनी होता, तसा हा कामगार आपल्या यंत्राचा धनी नव्हता. यंत्र चालविण्याची जबाबदारी त्याच्याकडे होती. यंत्राने काय करावे हे ठरविण्याची मुखत्यारी मात्र दूरच्या कचेरीत, नकाशांच्या आणि हुकमांच्या रूपाने बंदिस्त होती, आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या मुलाला तर आतील यंत्राचे दर्शनही परवान्यावाचून दुर्लभ होते.

ही स्थिती बदलण्यास प्रारंभ झाला तो १९८३ नंतर. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्र शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास मुभा दिली, आणि त्या निर्णयानंतर अवघ्या एका वर्षाने, १९८४ साली, नाशकात क. का. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. तेव्हाच्या पुणे विद्यापीठाच्या छायेखाली चालणाऱ्या अशा महाविद्यालयांत, आणि तंत्रनिकेतनांतही, इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी सूक्ष्मप्रक्रियक या वस्तूस प्रथम भेटे तो ८०८५ च्या किटच्या रूपाने. इंटेल कंपनीने १९७६ साली बाजारात आणलेला हा आठ बिटांचा प्रक्रियक एका मोठ्या हिरव्या पट्टीवर बसविलेला असे. त्या पट्टीवर सोळा अंकाक्षरांची कळपाटी आणि लाल आकडे दाखविणाऱ्या सहा खिडक्या असत, चार पत्त्यासाठी आणि दोन मजकुरासाठी. संगणक जवळपास नसे, आणि असला तरी या किटचा त्याच्याशी क्वचितच संबंध येई.

त्या किटवर पाच आणि तीन यांची बेरीज करावयाची झाली तरी विद्यार्थ्याला केवढी यातायात करावी लागे, हे पाहण्यासारखे आहे. प्रथम आज्ञांची यादी वहीत लिहावयाची. मग पुस्तकाच्या मागील कोष्टकातून प्रत्येक आज्ञेचा सांकेतिक अंक शोधावयाचा. आणि मग ३ई, ०५, ०६, ०३, ८०, ३२, ५०, २०, ७६ अशी नऊ अंकांची मालिका एकेक कळ दाबून स्मृतीत चढवावयाची. यातील ३ई म्हणजे पुढचा अंक पहिल्या कोठीत ठेव, ०६ म्हणजे त्यापुढचा दुसऱ्या कोठीत ठेव, ८० म्हणजे दोहोंची बेरीज कर, ३२ म्हणजे ती बेरीज २०५० या पत्त्यावर रुजू कर, आणि ७६ म्हणजे थांब. पत्ता लिहिताना २० च्या आधी ५० लिहावे लागे, कारण प्रक्रियकाचा शिरस्ताच तसा होता. आणि हा क्रम चुकला की उत्तर भलत्याच ठिकाणी जाऊन पडे व विद्यार्थी २०५० च्या पत्त्यावर हताशपणे पाहत राही. सर्व काही बिनचूक झाले तर त्या पत्त्यावर ०८ हा लाल आकडा उजळे, आणि तासाची घंटा होऊन विजेचे बटण बंद होताच तो आकडा आणि त्यामागचे सारे श्रम क्षणात लोपून जात. पुढच्या खेपेस पुन्हा पहिल्यापासून आरंभ.

या पद्धतीने एक मोठे हित साधले, ते मान्य केलेच पाहिजे. ज्याने आपल्या बोटांनी एकेक अंक स्मृतीत चढविला, त्याला यंत्राच्या अंतरंगात काय घडते याविषयी संदेह उरला नाही. पुढे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत स्वयंचलित यंत्रे आली तेव्हा त्यांच्या दुरुस्तीस निर्भयपणे हात घालणाऱ्या तंत्रज्ञांत याच किटवर शिकलेले पुष्कळ होते. परंतु किट मोजकी, विद्यार्थी पुष्कळ, आणि एका किटभोवती चार-पाच जणांची बॅच, अशी सर्वत्र गत असल्यामुळे प्रत्यक्ष कळ दाबण्याचे भाग्य एखाद्यालाच लाभे, बाकीचे जर्नलात त्याचे निरीक्षण उतरवून घेत. किट कपाटात, कपाटास कुलूप, आणि कुलपाची किल्ली प्रयोगशाळा-सहायकाच्या खिशात. एक किट फुटले तर जडसंग्रहाच्या नोंदवहीत त्याचा जबाब द्यावा लागे, म्हणून ती बिचारी माणसेही ते जिवापाड जपत. दोष व्यक्तीचा नव्हता, वस्तूच्या दुर्मिळतेचा होता.

यानंतर अभ्यासक्रमात ८०५१ आला. १९८० साली इंटेलनेच काढलेल्या या सूक्ष्मनियंत्रकात प्रक्रियक, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी बोलण्याची द्वारे एकाच चकतीत सामावली होती, आणि त्याच्याबरोबरच संगणकाशी जोडणीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित झाला. प्रोग्रॅम आता संगणकावर लिहिला जाई, पण तो चकतीत उतरविण्याचे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘बर्न’ करण्याचे, काम निराळ्याच उपकरणावर होत असे. आरंभीच्या चकत्यांना पाठीवर काचेची खिडकी असे, आणि एकदा लिहिलेले पुसावयाचे तर त्या खिडकीतून पंधरा-वीस मिनिटे अतिनील प्रकाश सोडावा लागे. एका स्वल्पविरामाच्या चुकीसाठी एवढे प्रायश्चित्त. १९९० नंतरच्या दशकात ॲटमेल कंपनीच्या विजेनेच पुसता येणाऱ्या चकत्या आल्या, आणि पुण्याच्या बुधवार पेठेतून अथवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून नाशिकच्या विद्यार्थ्यांनी संगणकाच्या प्रिंटरच्या पोर्टास जोडावयाच्या केबली स्वतःच्या हाताने डाग देऊन तयार केल्या.

त्या काळची दुसरी वाट म्हणजे नऊ टाचण्यांचा सिरिअल पोर्ट. १९६० साली ठरलेल्या आरएस-२३२ या प्रमाणानुसार चालणारा हा पोर्ट बारा व्होल्टच्या आसपास धन आणि ऋण दाबाने बोले, तर नियंत्रकाची चकती पाच व्होल्टची. दोघांची सरळ गाठ घातली तर चकती जळालीच म्हणून समजावे. त्यांच्या मध्ये मॅक्स-२३२ नावाची एक दुभाषी चकती आणि तिच्याभोवती चार-पाच कपॅसिटर बसवावे लागत, आणि त्यांतील एकाची दिशा उलटी पडली तरी सारी रात्र दोष शोधण्यात जाई. अशा रात्री नाशिकच्या वसतिगृहांत कितीतरी मुलांनी काढल्या आहेत, आणि त्यांतूनच त्यांना प्रथम असा अनुभव आला की कपाटातील किटशिवाय, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या आणि स्वतःच्या हातांनी जोडलेल्या वस्तूला आपण आज्ञा देऊ शकतो. मात्र हा अनुभव अजून अभियांत्रिकीच्या उंबरठ्याअलीकडे आला नव्हता. शाळेतील मूल त्यापासून फार दूर होते.

अंतर तोडणारी वस्तू अखेर यूएसबी ही ठरली. १९९६ साली निश्चित झालेल्या या प्रमाणाच्या निर्मितीत बडोद्याच्या विद्यापीठातून पदवी घेतलेल्या अजय भट यांचा वाटा मोठा आहे. तिच्या मूळ केबलीत तारा अवघ्या चार: लाल तार पाच व्होल्टची, काळी परतीची, आणि हिरवी व पांढरी या दोन मजकुराच्या. वीज आणि आज्ञा एकाच केबलीतून वाहू लागल्यामुळे निराळा वीजपुरवठा आणि दाबाची विषमता ही दोन्ही संकटे एकदम टळली. इटलीतील इव्रेआ या गावच्या संस्थेत, एर्नांदो बारागान याच्या ‘वायरिंग’ या कामाच्या पायावर, मासिमो बांझी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००५ साली जो आर्डुइनो बोर्ड सिद्ध केला, त्याची पहिली आवृत्ती सिरिअल पोर्टाचीच होती; लवकरच तिने यूएसबीचा अंगीकार केला, आणि २००७ च्या ‘दिएचिमिला’ या आवृत्तीपासून प्रोग्रॅम पाठविण्यापूर्वी बोर्डावरील रीसेटचे बटण हाताने दाबण्याची गरजही संपली. संगणक एका तारेवरील दाब खाली आणतो, बोर्ड त्यासरशी जागा होतो, त्याच्या स्मृतीच्या कोपऱ्यात वसलेला एक छोटा द्वारपाल-प्रोग्रॅम क्षणभर वाट पाहतो, येणारा मजकूर स्वीकारून जागच्या जागी ठेवतो आणि मग स्वतः बाजूस होऊन नव्या प्रोग्रॅमच्या हाती कारभार सोपवितो.

या इटालियन मंडळींचे खरे औदार्य याहून मोठे होते. त्यांनी बोर्डाचा संपूर्ण नकाशा जगास खुला केला, कोणीही तो घडवावा अशी सनदच दिली. त्यामुळे मूळ बोर्डाच्या कितीतरी कमी किमतीत तयार झालेले बोर्ड भारतीय बाजारात आले आणि नाशिकच्या विद्यार्थ्याच्या खिशास परवडू लागले. स्वस्ताईबरोबर एक अडचणही आली. मूळ बोर्डावरील यूएसबीची दुभाषी चकती महाग, म्हणून या स्वस्त बोर्डांवर सीएच-३४० ही चिनी चकती बसविलेली असे, आणि तिचा ड्रायव्हर संगणकात पुष्कळदा निराळा घालावा लागे. तो नसला की बोर्डाचा दिवा लागे, पण कॉम पोर्टांच्या यादीत त्याचे नाव उमटत नसे. याहून फसवी अडचण केबलीची. मोबाईल चार्ज करण्यासाठी मिळणाऱ्या कित्येक केबलींत लाल आणि काळी एवढ्या दोनच तारा असतात. अशा केबलीने बोर्डास वीज मिळते, दिवा तेजाने उजळतो, आणि तरीही एक शब्द आत जात नाही. बाहेरून या केबलीत आणि चार तारांच्या केबलीत काडीचा फरक दिसत नाही. शिक्षकांनी पहिल्या तासाला आधी केबल बदलून पाहावी आणि मगच बोर्डास किंवा मुलास दोष द्यावा. हा साधा नियम पाळला तर कितीतरी मुलांचा उत्साह पहिल्याच दिवशी मावळावयाचा वाचेल.

शाळेपर्यंत हा प्रवाह पोहोचविण्याचे श्रेय महाराष्ट्रातील ज्या प्रयत्नांना दिले पाहिजे, त्यांत पुणे जिल्ह्यातील पाबळचा विज्ञान आश्रम अग्रगण्य होय. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापिलेल्या या संस्थेत, हाताने काम करता करता शिकणे हेच खरे शिक्षण, हा सिद्धान्त त्यांनी ग्रामीण मुलांच्या बाबतीत आयुष्यभर आचरून दाखविला. आणि २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रेरणेने जगात उभ्या राहिलेल्या पहिल्या काही फॅब लॅबांपैकी एक याच खेड्यात उभी राहिली. आयआयटी मुंबईच्या ‘ई-यंत्र’ उपक्रमाने महाविद्यालयांत यंत्रमानवांच्या प्रयोगशाळा उभारण्यास साहाय्य केले. आणि २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेखाली निवडलेल्या प्रत्येक शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळून सहावीपासून बारावीपर्यंतच्या मुलांच्या हाती असे बोर्ड येऊ लागले. जी वस्तू १९८४ च्या सुमारास पदवीच्या विद्यार्थ्यालाही कुलपाआड भेटत होती, ती आता बारा वर्षांच्या मुलाच्या पुढ्यात आली.

नाशिकच्या इतिहासात या विद्येची गाठ लोकजीवनाशी पडली ती सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे स्नानासाठी निघालेल्या भाविकांच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ३९ जण मृत्युमुखी पडले; अरुंद रस्त्यात मागून माणसे येतच राहिली आणि पुढे किती माणसे अडकली आहेत याची वार्ता मागच्यांना मिळण्याचे साधन नव्हते. पुढील सिंहस्थ २०१५ साली यावयाचा होता. त्याआधी, मूळचे नाशिकचे आणि एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये अध्यापन करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने २०१४ पासून ‘कुंभथॉन’ भरू लागली. तिच्यात अभियंते, डॉक्टर, प्रशासकीय अधिकारी आणि विद्यार्थी एकत्र बसून कुंभातील अडचणींवर उपाय शोधीत. याच मंथनातून नाशिकच्या शाळकरी आणि तरुण मुलांच्या एका गटाने ‘अशिओतो’ नावाची एक चटई तयार केली. चटईत दाब ओळखणारे संवेदक दडविलेले. पाऊल पडले की संवेदकातून विजेची एक सूक्ष्म लहर उठावी, नियंत्रकाने ती मोजावी, आणि मोजदादीचा आकडा मोबाईलच्या जाळ्यातून थेट पाहणाऱ्यापर्यंत पोहोचावा, अशी ती योजना होती. रस्त्याच्या एका टोकाला किती माणसे आत गेली आणि दुसऱ्या टोकाला किती बाहेर पडली, हे कळले की मधल्या भागातील दाटीचा अंदाज अधिकाऱ्यांस तत्क्षणी यावा. २०१५ च्या सिंहस्थात तिचा प्रत्यक्ष उपयोग झाला आणि १८ तासांत सुमारे ५ लाख पावलांची मोजदाद झाली.

या घटनेचे महत्त्व नीट ध्यानात घेतले पाहिजे. बोर्डाची केबल इतके दिवस शाळेच्या टेबलावरील संगणकापर्यंत जात होती. गोदाकाठी ती अदृश्य होऊन मोबाईलच्या लहरींवर आरूढ झाली आणि नागरिकांच्या प्राणरक्षणासाठी झटणाऱ्या यंत्रणेशी जाऊन मिळाली. सरकारी दप्तरात गर्दीचा अंदाज पूर्वीही नोंदला जाई, पण तो नजरेने बांधलेला आणि बहुधा घटना घडून गेल्यानंतरचा. येथे तो घटना घडण्यापूर्वी, आणि तोही याच शहरातील मुलांच्या हातून, उपलब्ध झाला. पुढे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या आश्रयाने नाशकात ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ हे केंद्र उभे राहिले, त्याच्या मुळाशीही कुंभथॉनचाच अनुभव होता.

मोबाईलने केबलीची जागा घेण्याचा हा क्रम त्यानंतर घराघरांत चालू झाला. अँड्रॉइड प्रणालीने २०११ सालापासून यूएसबीचे यजमानपद पत्करले होते. त्यामुळे ओटीजी नावाचा बोटभर जोड लावला की मोबाईल संगणकाच्या जागी बसतो, त्यावरच प्रोग्रॅम लिहावा आणि त्यावरूनच बोर्डात चढवावा. तारही नको असेल तर एचसी-०५ हे ब्लूटूथचे मॉड्यूल बोर्डास जोडतात, मोबाईलने परवलीचा शब्द विचारला की बहुधा १२३४ हे चार आकडे द्यावयाचे, आणि बोर्डाशी संभाषण सुरू होते. ब्रिटनमध्ये २०१६ साली सुमारे १० लाख शाळकरी मुलांना वाटलेल्या मायक्रोबिट बोर्डाने तर ही क्रिया अगदी बालसुलभ केली. संगणकास जोडला की तो पेनड्राइव्हसारखा यादीत दिसतो, आणि प्रोग्रॅमची फाइल ओढून त्याच्यावर सोडली की काम झाले. मोबाईलशी जोडताना ए आणि बी ही दोन बटणे एकत्र दाबून धरावयाची, तशीच धरून मागचे रीसेट दाबून सोडावयाचे, म्हणजे पाच बाय पाच दिव्यांच्या चौकटीत एक नक्षी उमटते, ती जशीच्या तशी मोबाईलच्या पडद्यावर भरली की हा बोर्ड कोणता याची ओळख मोबाईलला पटते.

नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात या सोयीचे मोल शहरी वाचकास सहज उमगणार नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील आदिवासी पाड्यांवर घरात संगणक असणे ही आजही अपवादाची गोष्ट; मोबाईल मात्र पुष्कळ घरांत पोहोचला आहे. २०२० च्या मार्चमध्ये शाळांना टाळे लागले तेव्हा लॅबमधील सारे बोर्ड कपाटात राहिले आणि मुले घरी. त्या वेळी ज्याच्या हाती स्वतःचा एक बोर्ड आणि वडिलांचा मोबाईल होता, त्याचे शिकणे थांबले नाही, आणि ज्याच्या हाती तो नव्हता त्याचे थांबले. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतही हीच गरज निराळ्या रूपाने उभी आहे. निफाडचा पारा हिवाळ्यात उतरला की द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवितो, आणि पावसाळी दमट हवेत पाने ओली राहिली की डाऊनी या बुरशीरोगाच्या भयाने फवारणीचा पंप खांद्यावर घेतो. तापमान, आर्द्रता आणि जमिनीतील ओल मोजणारे संवेदक आणि ते वाचून मोबाईलवर कळविणारा एक बोर्ड, एवढी सामग्री शेतकऱ्याच्या मुलाला स्वतः जोडता आली, तर त्याचे शालेय शिक्षण आणि त्याच्या घराचे उत्पन्न यांची प्रथमच प्रत्यक्ष गाठ पडेल. वाय-फाय अंगीच असलेले ईएसपी जातीचे बोर्ड निघाल्यापासून ही गोष्ट तांत्रिक दृष्ट्या मुळीच अवघड राहिलेली नाही.

अवघड राहिली आहे ती कुलपाची जुनी सवय. ८०८५ च्या काळात किट दुर्मिळ होते, म्हणून ते जपून ठेवण्यास कारण होते. आज एका पाठ्यपुस्तकसंचाच्या किमतीच्या आसपास बोर्ड मिळत असतानाही तो जडसंग्रहाच्या नोंदवहीत चढतो आणि हिशेबाच्या धास्तीने कपाटातच राहतो, ही गोष्ट पुष्कळ शाळांत दिसून येते. शिक्षकास यात दोष देणे अन्यायाचे होईल, कारण हरवलेल्या वस्तूची भरपाई त्याच्याच वेतनातून होईल की काय ही भीती त्याला नियमांनीच घातली आहे. म्हणून बदलावयास हवा तो नियम. बोर्ड, चार तारांची केबल आणि ओटीजीचा जोड ही सामग्री ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे मुलाच्या नावावर घरी देण्याची मुभा शासनाने लेखी द्यावी, मोडतोड ही शिक्षणाच्या खर्चातील रीतसर बाब मानून तिची तरतूद अंदाजपत्रकातच करावी, आणि जळालेल्या बोर्डाचा जाब शिक्षकास विचारण्याऐवजी त्यावर काय प्रयोग झाला याची नोंद मागावी.

२०२७ साली नाशिक-त्र्यंबकेश्वरी पुन्हा सिंहस्थ भरत आहे, आणि त्याच्या सिद्धतेसाठी रस्ते, घाट, पूल यांवर मोठा निधी खर्ची पडत आहे, तो पडावाच. त्याच सिद्धतेचा एक अंश म्हणून जिल्ह्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेस गर्दी, पाणी आणि हवा यांची मोजदाद करण्याचे एकेक काम नेमून द्यावे आणि त्यासाठी लागणारे बोर्ड मुलांच्या स्वाधीन करावेत. चाळीस वर्षांत आज्ञेची वाट प्रयोगशाळेच्या कपाटापासून मुलाच्या दारापर्यंत आली आहे. शेवटचा अडसर कागदावरचा आहे, आणि कागदावरचा अडसर एका सहीने दूर होऊ शकतो. ती सही जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने आणि मंत्रालयाने या सिंहस्थापूर्वी करावी.